करून बघू या : आजीच्या चमच्याची मूठ



कणीदार तूप तुम्ही पाहिलंच असेल. बरणीत असतं तेव्हा घट्ट आणि पांढरट. गरम भातावर घातलं, की पातळ होतं आणि त्यातून आरपार दिसू लागतं. गार झालं, की पुन्हा पांढरट! आज मी तुम्हांला ज्या वस्तूची ओळख करून देणार आहे, ती अगदी अशीच वागते. फक्त ती खायची नाही बरं का, ते आहे एक प्लास्टिक. ते आमच्या घरात कसं आलं, ते आधी सांगते.

माझी आजी ८२ वर्षांची आहे. तिच्या बोटांना संधिवात आहे. काही महिन्यांपासून ती आमच्याबरोबर जेवायला बसेनाशी झाली. हाक मारली की म्हणायची, "तुम्ही बसा, मला भूक नाही अजून." आम्हांला वाटलं, वयामुळे भूक कमी झाली असेल. एके दिवशी माझी चौथीतली मुलगी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि हळूच परत आली. म्हणाली, "आई, पणजी एकटीच जेवतेय. तिच्या हातातून चमचा सारखा पडतोय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बोटं नीट मिटत नसल्याने आजीला हाताने घास घेता येत नव्हता, आणि चमच्याचा बारीक दांडा मुठीत राहत नव्हता. सांडलेलं कुणाला दिसू नये, म्हणून ती सगळ्यांच्या मागून जेवत होती. मी म्हटलं, "मी भरवू का?" तर म्हणाली, "मी काय तान्हं बाळ आहे का गं?" बरोबरच होतं तिचं!

दांडा जाड केला तर बोटं पूर्ण न मिटताही चमचा धरता येईल, हे उघड होतं. आधी मी दांड्याला कापड गुंडाळलं. ते दोन दिवसांत ओलं होऊन वास मारू लागलं. मग हे प्लास्टिक आणलं.

त्याचं नाव जरा लांबलचक आहे : पॉलिकॅप्रोलॅक्टोन. एकदा तोडून वाचा – पॉलि-कॅप्रो-लॅक्टोन. झालं की नाही सोपं? नायलॉनचा शोध लावणारे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ वॉलेस कॅरोदर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत ते प्रथम तयार केलं. साबुदाण्यासारख्या पांढऱ्या दाण्यांच्या रूपात ते मिळतं. हस्तकलेचं सामान ऑनलाइन विकणारे ते ठेवतात. ब्रिटनमध्ये त्याला 'पॉलिमॉर्फ' म्हणतात. हात मोडल्यावर काही रुग्णालयांत गरम पाण्यात मऊ करून हातावर बसवायची पट्टी वापरतात ना, त्यांतल्या बऱ्याच पट्ट्या याच जातीच्या प्लास्टिकच्या असतात.

याची गंमत अशी, की ते साधारण ६० अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणजे भट्टी नको, यंत्र नको, गरम पाणी पुरे! आणि गार होताना ते लगेच घट्ट होत नाही. अंगाला सोसेल इतकं कोमट झालं, तरी काही मिनिटं कणकेच्या गोळ्यासारखं मऊ राहतं. तेवढ्यात त्याला हवा तो आकार द्यायचा.

आता कृती. उकळत्या पाण्याचं काम आईने, बाबांनी किंवा घरातल्या मोठ्या माणसानेच करायचं. हा नियम मोडायचा नाही.

आधी छोटंसं गणित. उकळतं पाणी १०० अंश, नळाचं पाणी समजा २८ अंश. दोन भांडी उकळतं आणि एक भांडं नळाचं पाणी एकत्र केलं, तर तापमान किती? १०० + १०० + २८ = २२८. भागिले ३. उत्तर ७६! थोडी उष्णता पातेलं घेतं, थोडी हवेत जाते. तरीही आपल्याला पुरेल इतकं पाणी गरम राहतं.

१. पाणी स्टीलच्या पातेल्यात घ्या. प्लास्टिकचं भांडं नको, दाणे त्याला चिकटून बसतात.

२. मुठीसाठी दोन-तीन मोठे चमचे दाणे पाण्यात सोडा. ते तळाशी जातात आणि एक-दोन मिनिटांत काचेसारखे पारदर्शक होतात. अशी खूण दिसली, की समजा वितळले.

३. मोठ्या माणसाने जुन्या चमच्याने ते एकत्र करून बाहेर काढावेत. गोळ्याच्या घडीत गरम पाणी अडकलेलं असतं. ते आधी चमच्याने दाबून काढावं. मग थोडं थांबावं. गोळा मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघावा. तिथे सोसला, तरच हातात घ्यावा.

४. स्टीलचा दांडा गुळगुळीत असतो. त्यावर आधी जाड दोरा आवळून गुंडाळा, म्हणजे मूठ फिरणार नाही. मग गोळा दांड्याभोवती सगळीकडून लपेटा. तोंडात जाणारा भाग मोकळा ठेवा.

५. आकार देऊन झाला, की गार पाण्यात धरा. मूठ पांढरी आणि टणक होईल.

मी पहिली मूठ अशीच केली. काय सुबक झाली होती म्हणून सांगू! बोटांसाठी चार खाचासुद्धा पाडल्या होत्या. मोठ्या ऐटीत आजीच्या हातात दिली. तिने धरून पाहिली आणि म्हणाली, "छान आहे गं. पण ही तुझ्या हाताची झाली."

खरंच की! खाचा माझ्या बोटांच्या होत्या. तिची बोटं एका बाजूला वळलेली आहेत. हाताचं माप मी तिला विचारलंच नव्हतं.

पण या प्लास्टिकचा हाच मोठा गुण. चूक फुकट जात नाही. मूठ पुन्हा गरम पाण्यात टाकली, पुन्हा गोळा केला. नीट कोमट होऊ दिला, आणि या वेळी आजीलाच म्हटलं, "आजी, तूच दाब." तिने तिच्या वाकड्या बोटांनी दाबला. जे झालं ते ओबडधोबड दिसत होतं. पण त्या रात्री ती आमच्या पंगतीला बसली. वरणभात खाल्ला आणि वर ताकही मागितलं!

गोष्ट इथेच संपली असती, पण पुढच्या आठवड्यात मी तेलकट भांड्यांवर कढत पाणी ओतलं. त्यांत तो चमचाही होता. पाहते तर काय, मूठ वितळून वाटीला लोळलेली! आजी पोटभर हसली. मूठ आम्ही पुन्हा केली. आता मोरीजवळ माझ्या मुलीने पाटी लावली आहे : 'पणजीच्या चमच्याला गरम पाणी नको.'

यावरून पुढचे नियम तुम्हीच ओळखाल. कुकर, कढई किंवा इस्त्रीच्या मुठीला हे प्लास्टिक चालणार नाही. कुकरची काळी मूठ बहुधा बेकेलाइटसारख्या प्लास्टिकची असते. ते एकदा घट्ट झालं, की तापवूनही पुन्हा वितळत नाही, अगदी उकडलेल्या अंड्यासारखं! उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत काचेमागे आपली वस्तू ठेवायची नाही, तिथे ६० अंशांच्या वरही तापतं. विजेच्या तुटक्या वायरला किंवा प्लगला हे मुळीच लावायचं नाही. विस्तवावर धरायचं नाही. आणि दाणे लहान भावंडांच्या हाती लागू द्यायचे नाहीत, खाऊ समजून गिळतील. उरलेले तुकडे मोरीत टाकू नका, डबीत साठवा. पुढच्या वेळी तेच वितळवता येतात.

आता या आठवड्याचं काम. घरात जरा नीट बघा. कुणाला किल्ली फिरवताना त्रास होतो का? कपाटाची मूठ निसटते का? धाकट्याला पेन्सिल धरता येत नाही का? अशा तीन गोष्टी वहीत लिहा. पण करायला बसण्याआधी त्या माणसाला विचारा, "तुला हे हवंय का? कसं हवंय?" आणि शक्य असेल, तर शेवटचा दाब त्यालाच देऊ द्या.

मी विचारायला उशीर केला. तुम्ही करू नका.

तुमच्या,
बाई