काय दिवे लावलेत!

मराठीत ‘दिवे लावणे’ याचा एक अर्थ उजेड करणे. दुसरा, प्रगतिपुस्तक हातात धरून आई विचारायची तो. आखातात एकोणीस वर्षं इमारतींच्या बाहेरचे दिवे बसवून झाल्यावर मी छातीवर हात ठेवून सांगतो: आमच्या धंद्यात दुसराच अर्थ चालतो.

आमचा सगळ्यात लाडका दिवा म्हणजे जमिनीत पुरलेला अपलाइट. खजुराच्या बुंध्याशी, भिंतीच्या पायाशी खड्डा घ्यायचा, डबा पुरायचा, वर जाड काच, आणि उजेड थेट आभाळाकडे. खजूर उजळतो, भिंत उजळते, उरलेला उजेड अल्लामियांच्या दारात. अमिरातीतल्या एका हॉटेलाभोवती असे दिवे आम्ही रांगेनं पुरले. आमच्या स्टोअरला चिपळूणचे एक चाचा होते. गाडीतून खोकी उतरवून घेताना म्हणाले, “साहेब, लोक दिवे लावतात. आपण पुरतो.” मी हसलो. दुसऱ्या उन्हाळ्यात हसू मावळलं.

वाळवंटातली वाळू खालीच बसते, हे शेंबडं पोरही सांगेल. मग तिथे काच आडवी, आभाळाकडे तोंड करून कोण ठेवतं? आम्ही ठेवतो. दिवसभर तो डबा उन्हात आणि तापलेल्या जमिनीत शिजतो. दुपारी काचेवर तळवा ठेवला तर पोळतो. रात्री बागेला पाणी सोडलं की डबा एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि कुठल्या तरी फटीतून बाहेरची दमट, खारट हवा आत ओढली जाते. दिवा श्वास घेतो म्हणा ना. ऑगस्टमध्ये किनाऱ्यावरच्या हवेत इतका दमटपणा असतो की चष्मा घालून गाडीतून उतरलं की काही दिसत नाही. तीच वाफ काचेच्या आतून साचते, मग पाणी होऊन सर्किटवर उतरते.

“पण हा तर आयपी-67 आहे!” असं म्हणणारा एक टायवाला प्रत्येक बैठकीत असतोच. उंटावरचे शहाणे आपण गोष्टीतच ऐकले होते. इथे ते टाय लावून, खऱ्या उंटांच्या देशात भेटतात. बाबा रे, त्यातला 6 म्हणजे धूळ आत जात नाही. ती परीक्षा प्रयोगशाळेत टाल्कम पावडर उडवून घेतात, जास्तीत जास्त आठ तास. बाळाला लावतात तसलीच पावडर. 7 म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरला. दिवा नवा, रबर नवं. पाच उन्हाळे भाजून टणक झालेल्या रबराची परीक्षा त्या आकड्यात नाही. खाऱ्या हवेची नाही, रोजच्या तापण्या-निवण्याची तर नाहीच.

त्याहून मोठा विनोद दिव्याच्या पाठीवरच्या चिठ्ठीत असतो. तिथे ‘टीए’ नावाचा एक आकडा छापतात: भोवतालची हवा किती तापमानापर्यंत या दिव्याला झेपेल. छापलेलाच नसेल, तर आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तो 25 अंश धरायचा. पंचवीस! हे महाबळेश्वरचं तापमान झालं. कुवेतमधल्या मित्रिबाला 2016 च्या जुलैत 53.9 अंश नोंदले गेले. आपल्या राजस्थानात फलोदीला त्याच वर्षी मे महिन्यात 51. आणि हे सावलीतले आकडे; उन्हात पुरलेल्या डब्याच्या आतलं विचारू नका. दिव्याला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरमध्ये जो कपॅसिटर असतो, त्याचा ढोबळ हिशेब प्रत्येक इलेक्ट्रिशियनला पाठ आहे: तापमान दहा अंशांनी चढलं की आयुष्य निम्मं. कॅटलॉगात पन्नास हजार तास लिहिलेले असतात. ते तास कुठल्या गावच्या हवेत मोजले, हे विचारायची पद्धत नाही.

मी विचारलं होतं, हेही सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल शहाणपण नंतर सुचलं. पन्नास अंशांचे दिवे मी यादीत घातले होते. खरेदीवाल्यांनी ‘व्हॅल्यू इंजिनीअरिंग’ केलं. या दोन शब्दांचा मराठी अर्थ: स्वस्तातला माल घेणे आणि वर त्याचं पुण्य लाटणे. बदललेल्या दिव्याच्या कागदावर सही करायला मला बोलावलं आणि मी केली. व्हिसा कंपनीचा होता, मुलगी अकरावीत होती. तेव्हा या लेखातल्या शिव्यांचा एक वाटा माझ्या नावावर लिहा.

आता नियमांकडे येऊ. आमच्या धंद्यात नियम म्हणजे सौंदर्याचा शत्रू असं समजतात. दुबईत 2014 पासून प्रत्येक नव्या इमारतीला हरित इमारतींचे नियम लागू आहेत, आणि बाहेरच्या दिव्यांचा उजेड आभाळात सांडू नये हे त्यांत लिहिलेलं आहे. अबुधाबीनं 2024 साली अंधाऱ्या आकाशाचं धोरणच जाहीर केलं. यावर आमचे डिझायनर काय करतात? सजावटीच्या दिव्यांना निराळं कलम आहे ना, मग सगळेच दिवे सजावटीचे! पार्किंगचा खांबसुद्धा वास्तुकलेचा अलंकार होतो.

एकोणीस वर्षांत मला जे कळलं ते एवढंच, आणि ते कोणी ऐकत नाही म्हणून हा लेख: वाळवंट जे मागतं तेच नियम मागतो. दिव्याचं तोंड खाली करा, असं नियम म्हणतो. खाली तोंड केलेल्या काचेवर वाळू बसत नाही. मध्यरात्रीनंतर उजेड कमी करा म्हणतो. ड्रायव्हर थंड राहतो, जास्त जगतो. पांढराफेक निळसर उजेड नको, पिवळसर लावा म्हणतो. निळा प्रकाश स्वच्छ हवेतसुद्धा पिवळ्या-नारिंगीपेक्षा साधारण तिपटीनं विखुरतो, आणि इथल्या धूळभरल्या रात्री तर तुमच्या टॉवरभोवती नुसता दुधी गोळा दिसतो, टॉवर दिसतच नाही. एका नियमानं तुमचे पैसे वाचत होते. तुम्ही वकिली बुद्धी लढवून ते बुडवलेत.

“आभाळ उजळतं ते रस्त्यावरच्या दिव्यांमुळे, आमच्या चार झुंबरांनी काय बिघडतं?” हेही ऐकलंय. ॲरिझोनाच्या वाळवंटातलं टुसॉन हे वेधशाळांच्या शेजारचं शहर. तिथे 2019 साली काही रात्री रस्त्यावरचे दिवे मुद्दाम कमी-जास्त करून उपग्रहावरून मोजणी झाली. शहराचा जो उजेड उपग्रहाला दिसतो, त्यात रस्त्यावरच्या दिव्यांचा वाटा जेमतेम पाचवा हिस्सा निघाला. बाकीचा इमारती, पाट्या, मैदानं, पार्किंग, म्हणजे आमचाच. त्याच राज्यातल्या फ्लॅगस्टाफनं जाहिरातीच्या झोतदिव्यांवर बंदी घातली ती 1958 साली. चिलीनं अटाकामाच्या आभाळासाठी पहिला नियम केला 1998 मध्ये. आणि आम्ही 2020 नंतरही ‘आयकॉनिक’ हा शब्द वापरून आभाळ भाजतो.

फार लांब कशाला, आपल्या लडाखमधल्या हानलेला जा. तेही वाळवंटच, फक्त थंड. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरवर दुर्बीण आहे, 2022 मध्ये भोवतीचा परिसर राखीव अंधार म्हणून जाहीर झाला. गावकऱ्यांनी खिडक्यांना जाड पडदे लावले, दिव्यांना टोप्या घातल्या. महाराष्ट्रात पेंचच्या जंगलानं 2024 च्या जानेवारीत देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान मिळवला. हानलेच्या माणसाला जे पडद्याच्या कापडात जमलं, ते आम्हाला कोट्यवधी दिरहममध्ये जमत नाही.

पुन्हा आमच्या त्या हॉटेलाकडे येऊ. अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे. चांगला कायदा आहे, मी त्याला सलाम करतो. पण तीन वाजून एक मिनिटानं नेपाळची आणि केरळची पोरं गुडघ्यावर बसून त्या मेलेल्या दिव्यांच्या काचा उघडत होती, आतली चिखलासारखी वाळू चमच्यानं काढत होती. ज्यानं तो दिवा निवडला तो त्या वेळी गार खोलीत पुढच्या हॉटेलाचा नकाशा काढत होता.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी त्या रांगेतले निम्म्याहून अधिक दिवे गेलेले होते. ठेकेदाराची एक वर्षाची हमी तोवर संपली होती. मालकानं बदली दिवे मागवले. चाचांनी खोकं उघडलं, पाठीवरची चिठ्ठी वाचली आणि काही न बोलता माझ्यासमोर धरली. तोच कॅटलॉग, तोच नंबर, आणि टीएच्या जागी कोरा कागद.