तात्पुरत्या मनाईहुकमाची तेरा वर्षे

पुण्यात १९९२पासून ‘बर्गर किंग’ नावाचे एक उपाहारगृह आहे. त्याच नावाच्या अमेरिकी कंपनीने भारतातले पहिले दुकान उघडले नोव्हेंबर २०१४मध्ये. त्याच्या तीन वर्षे आधीच, २०११ साली, कंपनीने पुण्याच्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला होता. हे नाव आमचे आहे, पुण्यातल्या मालकांनी ते वापरू नये आणि आम्हाला भरपाई द्यावी, ही मागणी. निकाल लागला जुलै २०२४मध्ये. न्यायालयाने दावा फेटाळला. कंपनी भारतात दुकान उघडण्याच्या कितीतरी आधीपासून पुण्यातले उपाहारगृह हे नाव वापरत होते आणि ग्राहकांची फसगत झाल्याचे कंपनी सिद्ध करू शकली नाही, असे न्यायालयाने म्हटले.

प्रकरण तिथे संपले नाही. कंपनी अपिलात गेली. ऑगस्टमध्येच मुंबई उच्च न्यायालयाने पुण्यातल्या मालकांना ते नाव वापरायला तात्पुरती मनाई केली आणि डिसेंबरमध्ये ती अपिलाचा निकाल लागेपर्यंत कायम ठेवली. मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशालाच स्थगिती दिली. म्हणजे आठ महिन्यांत दुकानावरच्या पाटीचे भवितव्य तीनदा पालटले. त्याआधी मूळ दावा चालू असतानाही मालकांवर मनाईहुकूम लागू होताच. जो माणूस अखेर दावा जिंकला, त्याने दाव्याचा काळ हरलेल्या माणसासारखा काढला.

दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे होते, हेही नोंदवले पाहिजे. कंपनीचे म्हणणे असे, की तिने भारतात नावाची नोंदणी १९७९मध्येच केली होती. दुसरीकडे नुसती नोंदणी करून वर्षानुवर्षे नाव न वापरणाऱ्याला ट्रेडमार्कचा कायदा फारसा थारा देत नाही. वापर सुरू केला नाही, तर नोंदणी रद्द करून घेण्याची तरतूद त्यात आहे. आधीपासून प्रामाणिकपणे नाव वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीहून वरचढ ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडई’ हलव्याच्या प्रकरणात ठासून सांगितले. इरुट्टुकडई म्हणजे अंधारे दुकान. लोकांच्या तोंडी बसलेले ते नाव दुसऱ्याने नोंदवून घेतले, तरी ते त्याचे होत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. पुण्याच्या प्रकरणात नोंदणी आधीची आणि इथला वापर मात्र पुणेकर मालकांचा. प्रश्न खरोखर अवघड होता. अवघड होता म्हणूनच तो लवकर आणि पुराव्यानिशी सुटायला हवा होता.

आपल्या न्यायालयांकडे तत्त्वांची वानवा नाही. ट्रेडमार्कच्या बाबतीत त्यांनी गेल्या साठ-पासष्ट वर्षांत जी कसोटी घडवली, ती भारतीय बाजार ओळखणारी आहे. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांचा वाद सर्वोच्च न्यायालयात १९६२मध्ये निकाली निघाला. दोन्ही नावांत ‘धारा’ असली, तरी अमृत कुठे आणि लक्ष्मण कुठे, असा युक्तिवाद झाला. न्यायालय म्हणाले, औषध घ्यायला आलेला साधा माणूस शब्दांची फोड करून व्युत्पत्ती पाहत बसत नाही. त्याच्या मनात नावाची एक पुसटशी आठवण असते आणि तिच्या भरवशावर तो खरेदी करतो. १९६९मध्ये तपकिरीचा वाद आला, ‘अंबाळ’ आणि ‘आंडाळ’. तमिळ माणसाला अंबाळ म्हणजे देवी आणि आंडाळ म्हणजे वैष्णव संत कवयित्री हे सांगावे लागत नाही. पण तपकिरीची डबी मागणारा प्रत्येक जण तमिळ जाणणारा नसतो आणि दुकानातल्या गलबल्यात ही दोन नावे कानाला एकच वाटतात. न्यायालयाने कानाचा कौल मानला.

यातला सर्वांत सुंदर निकाल पार्लेच्या बिस्किटांचा, १९७२ सालचा. ग्लुको बिस्किटांच्या पुड्यावर शेतघराचे अंगण, मधोमध एक मुलगी आणि तिच्याभोवती गाई नि कोंबड्या असे चित्र होते. म्हैसूरच्या एका उत्पादकाने आपल्या पुड्यावर जवळपास तेच चित्र छापले. मुलगी होती, गाई होत्या, कोंबड्या होत्या, मागे घर आणि झाडे होती. ठळक फरक एवढाच की या मुलीच्या डोक्यावर गवताचा भारा होता. जिल्हा न्यायालयाने आणि म्हैसूर उच्च न्यायालयाने दोन्ही पुडे शेजारी ठेवून फरक मोजले आणि पार्लेचा दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धतच चुकीची ठरवली. पुडे शेजारी ठेवून बघायचे नसतात, कारण गिऱ्हाईक तसे बघत नाही. त्याने एक पुडा आज पाहिला आणि दुसरा काही दिवसांनी पाहिला, तर तो फसेल का, एवढेच तपासायचे. सामान्य गिऱ्हाइकाकडे शेरलॉक होम्सची नजर नसते, असे न्यायमूर्तींनी लिहिले आहे. किराणा दुकानाच्या फळीसमोर उभे राहून, कडेवर मूल घेऊन बिस्किटांचा पुडा मागणाऱ्या बाईची बाजू इतक्या नेमकेपणाने मांडणारा निकाल विरळाच.

मग अडते कुठे? उत्तर २००१च्या एका प्रकरणात सापडते. कॅडिला या एकाच नावाचा वारसा सांगणाऱ्या दोन औषध कंपन्या मलेरियावरच्या ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या गोळ्यांवरून भांडत होत्या. दोन्ही औषधांतले मूळ द्रव्य वेगळे होते. चिठ्ठी वाचताना चूक झाली, तर रोग्याच्या जिवावर बेतणार होते. सर्वोच्च न्यायालयाने औषधांच्या नावांना साध्या मालापेक्षा कडक कसोटी लावली पाहिजे, असे सांगितले आणि ती कसोटी सविस्तर मांडली. तो निकाल आजही प्रत्येक ट्रेडमार्क दाव्यात उद्धृत होतो. पण न्यायालयापुढे होता फक्त तात्पुरत्या मनाईहुकमाचा प्रश्न. मूळ वाद सुनावणीसाठी खालच्या न्यायालयाकडेच राहिला. देशाला तत्त्व मिळाले आणि दोन्ही कंपन्या पुन्हा तारखेला उभ्या राहिल्या.

हीच रीत पडून गेली आहे. दावा दाखल होतो त्याच दिवशी तात्पुरत्या मनाईचा अर्ज जातो. वादीची बाजू प्रथमदर्शनी खरी वाटते का, गैरसोयीचे पारडे कुणाकडे झुकते, नंतर पैशाने भरून न येणारे नुकसान होईल का, हे तीन प्रश्न न्यायालय पाहते. अनेकदा हुकूम एकतर्फीच मिळतो. कोर्ट कमिशनर गोदामावर जातो, पंचनामा होतो, मालाला सील लागते. मोठी कंपनी अपिलात जाते. छोटा व्यापारी मात्र छापलेली खोकी आणि अडकलेले भांडवल बघतो, वकिलाची फी बघतो, हमीपत्र लिहून देतो आणि नाव बदलतो. त्याचे चुकले होते की नव्हते, हे कधीच कळत नाही, कारण साक्षीपुराव्यापर्यंत प्रकरण जातच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये तांदळाच्या एका ट्रेडमार्क प्रकरणात हे स्पष्ट शब्दांत मान्य केले. आपल्याकडे असे दावे वर्षानुवर्षे पडून राहतात आणि सगळी लढाई तात्पुरत्या मनाईवरच लढली जाते, अशी ती कबुली होती.

त्याच महिन्यात, सप्टेंबर २००९मध्ये, पुण्याच्या बजाज ऑटोचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले. आकुर्डीच्या या कंपनीने छोट्या इंजिनात दोन स्पार्क प्लग वापरण्याच्या तंत्राचे पेटंट जुलै २००२मध्ये मागितले आणि ते जुलै २००५मध्ये तिला मिळाले. ‘डीटीएस-आय’ हे नाव पल्सर मोटारसायकलवर झळकले ते याच तंत्रामुळे. २००७मध्ये टीव्हीएसने दोन प्लगची १२५ सीसीची ‘फ्लेम’ जाहीर केली. बजाजचे म्हणणे होते की हे आमचे तंत्र, टीव्हीएसचे म्हणणे की आमच्या इंजिनात तीन झडपा आहेत आणि तंत्रही वेगळे आहे. फेब्रुवारी २००८मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने टीव्हीएसला मनाई केली. मे २००९मध्ये खंडपीठाने ती उठवली. सर्वोच्च न्यायालयाने गुणदोषांत न शिरता सांगितले की टीव्हीएसने गाडी विकावी, पण विक्रीचा चोख हिशेब ठेवावा, आणि मूळ दावा ३० नोव्हेंबरपर्यंत निकाली काढावा. शिवाय देशातल्या सगळ्या न्यायालयांना निर्देश दिला की ट्रेडमार्क, कॉपीराइट आणि पेटंटचे दावे रोजच्या रोज चालवून सर्वसाधारणपणे चार महिन्यांत संपवावेत.

चार महिने! दोन्ही कंपन्यांनी अखेर आपापसात तडजोड केली, ती २०१९मध्ये. पेटंटचे आयुष्य अर्जापासून वीस वर्षांचे असते, म्हणजे तोवर ते पेटंट संपायला जेमतेम तीन वर्षे उरली होती. झडपा तीन असल्या तर दोन प्लगचे तंत्र वेगळे ठरते का, या मोटारसायकल उद्योगाच्या दृष्टीने मोलाच्या प्रश्नाचे अंतिम उत्तर भारतीय न्यायालयाने दिलेच नाही. महाराष्ट्रातल्या पुढच्या अभियंत्याला त्यातून काही शिकता आले असते, ते राहून गेले.

पेटंटच्या दाव्यात उशिराची किंमत आणखी मोठी असते, कारण पेटंटला मुदत असते. स्विस कंपनी रॉशने मुंबईच्या सिप्लाला फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या एर्लोटिनिब या औषधावरून दिल्ली उच्च न्यायालयात खेचले. रॉशची गोळी सुमारे ४८०० रुपयांची, सिप्लाची सुमारे १६०० रुपयांची. मार्च २००८मध्ये न्यायालयाने तात्पुरती मनाई नाकारली आणि पारडे तोलताना रोग्यांच्या हिताचेही वजन त्यात टाकले. निर्णय धाडसी होता आणि या स्तंभाच्या मते योग्यही होता. कंपनीचे नुकसान पुढे पैशांत मोजता येते, औषधावाचून गेलेले महिने मोजता येत नाहीत. पण अंतिम चित्र पाहा. नोव्हेंबर २०१५मध्ये खंडपीठाने सिप्लाने पेटंटचा भंग केला, असे ठरवले, तेव्हा पेटंट संपायला चार महिने उरले होते. मनाई करण्यात काही अर्थ उरला नव्हता. सिप्लाला फक्त हिशेब द्यायला सांगण्यात आले. म्हणजे रॉशचे म्हणणे खरे धरले, तरी त्या कंपनीला तिचा हक्क जवळजवळ मुदत संपल्यावर मिळाला. औषध स्वस्त राहावे असे वाटणाऱ्यानेही ही पद्धत मान्य करू नये. उद्या पेटंट एखाद्या भारतीय संशोधकाचे असेल.

हे लवकर होऊ शकते, याचा दाखला मुंबईतच आहे. बायरचे नेक्साव्हार हे यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचे औषध महिन्याला सुमारे २,८०,००० रुपयांना पडत असे. हैदराबादच्या नॅटकोने ते ८,८०० रुपयांत देण्याची तयारी दाखवून जुलै २०११मध्ये सक्तीच्या, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना औषध बनवण्याच्या, परवान्याचा अर्ज केला. मुंबईच्या पेटंट कार्यालयात दोन्ही बाजूंचा पुरावा आला, सुनावण्या झाल्या आणि मार्च २०१२मध्ये पेटंट नियंत्रकांनी देशातला पहिला सक्तीचा परवाना दिला. बायरला विक्रीवर सहा टक्के रॉयल्टी ठरली, अपिलात ती सात टक्के झाली. जुलै २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय उचलून धरला आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला. अर्जापासून देशातल्या सर्वोच्च पायरीपर्यंत साडेतीन वर्षे, आणि प्रत्येक पायरीवर प्रश्न तोच की लोकांना औषध परवडणाऱ्या किमतीत पुरेसे मिळते का. तात्पुरत्या हुकमांच्या चकव्यात हे प्रकरण अडकले नाही, कारण ठरवायचे काय आणि कशाच्या आधारे, हे कायद्यात लिहिलेले होते.

अलीकडे काही पावले पडली आहेत. बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१मध्ये बरखास्त झाले आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने या दाव्यांसाठी स्वतंत्र विभाग उभारला, पाठोपाठ मद्रासनेही. पेटंट वैध नाही असा उलटदावा प्रतिवादीने केला, तर पेटंटचे प्रकरण जिल्हा न्यायालयातून उच्च न्यायालयातच जाते. त्यामुळे तिथे जाणकार न्यायाधीश आणि स्वतंत्र यादी असणे गरजेचेच होते. पण ट्रेडमार्कचे बहुसंख्य दावे ज्या जिल्हा न्यायालयांत सुरू होतात, त्यांना यातले काय मिळाले? पुण्याच्या शिवाजीनगरला किंवा कोल्हापूरला बसणाऱ्या न्यायाधीशासमोर त्याच दिवशी भाडेकरूचा, वाटणीचा आणि धनादेशाचा खटला असतो. मसाल्याच्या पाकिटावरून निघालेला मनाईचा अर्ज त्याच बोर्डावर येतो. सकाळी हुकूम देणे सोपे, वर्षभर साक्षी चालवणे अवघड.

कागदावर उपाय तयार आहे. २०१५च्या वाणिज्य न्यायालय कायद्याने दिवाणी प्रक्रिया बदलली. प्रतिवादीने कैफियत जास्तीत जास्त १२० दिवसांत द्यावी, त्यानंतर उशीर माफ नाही. साक्षीपुराव्याच्या तारखा सुरुवातीलाच ठरवाव्यात आणि त्या नियोजनाच्या पहिल्या बैठकीपासून सहा महिन्यांत युक्तिवाद संपवावा. युक्तिवाद संपल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा. या स्तंभाची सूचना एवढीच, की मनाईहुकूम देतानाच न्यायाधीशाने हे वेळापत्रक आदेशात लिहावे आणि ते वादीमुळे मोडले, तर मनाई आपोआप उठेल, अशी अट घालावी. ज्याला तात्पुरत्या हुकमाचा फायदा मिळतो, त्यालाच दावा पुढे रेटण्याची घाई वाटली पाहिजे. आज त्याला घाई नसते.

पुण्याच्या दाव्याला २०११मध्ये हे वेळापत्रक लागू असते, तर समन्स बजावण्याचे, कागदपत्रांचे आणि सुट्ट्यांचे महिने ऐसपैस धरूनही निकाल २०१३ संपण्याआधी लागला असता. अमेरिकी कंपनीचे भारतातले पहिले दुकान तेव्हा उघडायचे होते.