आठशे पंच्याहत्तर मतांचा जिल्हा

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत जालना जिल्ह्याची किंमत ८७५ आहे. १९७१च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटी चार लाख भरली होती. तिला २८८ आमदारांनी आणि मग हजाराने भागले की एका आमदाराच्या मताचे मूल्य येते १७५. जालना, बदनापूर, भोकरदन, परतूर आणि घनसावंगी अशा पाच आमदारांच्या पाच गुलाबी मतपत्रिका, म्हणून ८७५. खासदाराची मतपत्रिका हिरवी आणि तिचे मूल्य सातशेच्या घरात. त्या जनगणनेनंतर राज्याची लोकसंख्या दुपटीच्या पुढे गेली, १९८१ साली औरंगाबादेतून फुटून आपला जिल्हा झाला, पण हिशेब अजून १९७१चाच चालू आहे.

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर हे गणित कशाला, असे कोणीही विचारील. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने सोयाबीन आणि कपाशी पाण्यात गेली. अशा वर्षी दिल्लीतल्या त्या मोठ्या वाड्यात कोण राहायला जाणार याची फिकीर बांधावर कोणाला आहे? नाहीच. पण सणाला गावी आलेली माणसे फराळाला बसली की राजकारणाशिवाय बोलत नाहीत, आणि यंदा विषय हाताशी आहे. जगदीप धनखड यांनी २१ जुलैला अचानक उपराष्ट्रपतिपद सोडले आणि ९ सप्टेंबरला आपले राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन त्या जागी निवडून आले. द्रौपदी मुर्मू यांची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. म्हणजे पावणेदोन वर्षांत जुना प्रश्न पुन्हा उभा राहणार: जन्मभर एकाच विचाराचा झेंडा खांद्यावर वाहिलेल्या उजव्या बाजूच्या बुजुर्ग नेत्याने राष्ट्रपतिपदाला उभे राहावे का?

आमचे म्हणणे, राहावे. मात्र उभे राहावे, कोणी नेऊन बसवण्याची वाट पाहू नये.

२००७चा जुलै आठवून पाहा. भैरोंसिंह शेखावत तेव्हा उपराष्ट्रपती होते, वय ८३. जनसंघापासूनचा माणूस, तीनदा राजस्थानचा मुख्यमंत्री. स्वतः राजपूत असून जहागिऱ्या रद्द करण्याच्या बाजूने उभा राहिलेला आणि रूपकंवर प्रकरणानंतर सतीचे उदात्तीकरण करणाऱ्यांना आपल्याच समाजात विरोध केलेला. निजामी अमलातल्या जहागिऱ्या ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पाहिल्या, त्या मराठवाड्यातल्या माणसाला यातली पहिली गोष्ट किती अवघड होती हे वेगळे सांगायला नको. २००२ साली उपराष्ट्रपतिपदासाठी त्यांनी हरवले ते आपल्या सोलापूरच्या सुशीलकुमार शिंदे यांना, ४५४ विरुद्ध ३०५ मतांनी. पाच वर्षांनी भाजपच्या पाठिंब्यावर, पण अपक्ष म्हणून, ते राष्ट्रपतिपदाला उभे राहिले, आणि समोर पुन्हा महाराष्ट्र: जळगावच्या प्रतिभाताई पाटील.

तिथे युतीची गंमत झाली. शिवसेनाप्रमुखांनी मराठी उमेदवाराला पाठिंबा जाहीर केला आणि एनडीएत राहूनही शिवसेना एनडीएच्या विरोधात गेली. आपल्या जिल्ह्यात जालन्याची जागा तेव्हा शिवसेनेच्या अर्जुन खोतकरांकडे, परतूरची भाजपच्या बबनराव लोणीकरांकडे, आणि खासदार भाजपचे रावसाहेब दानवे. तीन वर्षांपूर्वी ज्यांचे कार्यकर्ते एकाच जीपमधून प्रचार करत फिरले, त्यांच्या पक्षांचे आदेश आता दोन दिशांना निघाले. मत गुप्त असते, कोणी कोणाला दिले हे मतपेटीलाच ठाऊक. पण मराठी बाई राष्ट्रपती होते आहे म्हटल्यावर भाजपच्या पुष्कळ कार्यकर्त्यांनाही आतून बरेच वाटले असणार, हे आता म्हणायला हरकत नाही.

शेखावतांना आकडे कळत नव्हते असे नाही. काँग्रेस आणि मित्रपक्ष, डावे, नुकत्याच उत्तर प्रदेशात निवडून आलेल्या मायावती, सगळे पलीकडे. त्यांची भिस्त एकाच गोष्टीवर होती. या निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही, त्यामुळे आमदार-खासदाराला मनाप्रमाणे मत देता येते. तशी मते आली नाहीत. प्रतिभाताईंच्या पारड्यात ६,३८,११६ मते पडली, शेखावतांच्या ३,३१,३०६. निकाल लागला त्याच दिवशी, २१ जुलैला, त्यांनी उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिला. आम्ही मराठी म्हणून खूश होतो आणि आजही आहोत. पण त्या लढतीत राष्ट्रपतिपदाची शान राखली ती पराभूत उमेदवाराने, असे आम्हांला वाटते. पडणार हे दिसत असूनही म्हातारा अर्ज भरतो आणि राज्याराज्यांत फिरून मते मागतो, यात लाज वाटावी असे काहीच नाही.

याहून जुने उदाहरण तर अस्सल मराठी आहे. १९६९ची निवडणूक म्हटली की लोकांना इंदिरा गांधी, संजीव रेड्डी आणि व्ही. व्ही. गिरी आठवतात. तिसरा उमेदवार चिंतामणराव देशमुख होते हे विसरले जाते. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, मग नेहरूंचे अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली ते मंत्रिपद सोडणारे चिंतामणराव. त्यांना उभे केले होते स्वतंत्र पक्षाने आणि जनसंघाने. पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मते त्यांनी घेतली, म्हणून कोणालाच कोटा गाठता आला नाही आणि दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली. गिरी निवडून आले ते साडेचौदा हजारांच्या फरकाने. चिंतामणराव कुठल्या पक्षाच्या मुशीतले नव्हते, हे खरे. तरी हरणाऱ्या उजव्या उमेदवाराने देशाची निवडणूक किती चुरशीची करून सोडली!

आता २०१७ पाहा. लालकृष्ण अडवाणी ८९ वर्षांचे होते. तीन वर्षांपूर्वी त्यांना मार्गदर्शक मंडळात बसवून झाले होते, आणि त्या मंडळाचे मार्गदर्शन कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही. राष्ट्रपतिपदासाठी त्यांच्या नावाची चर्चा पुष्कळ झाली. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाबरी प्रकरणातला कटाचा आरोप पुन्हा जिवंत केला, आणि १९ जूनला भाजपने रामनाथ कोविंद यांचे नाव जाहीर केले. खटला चालू असताना त्या खुर्चीकडे जाऊ नये हे आमचे मत आहे. तीन वर्षांनी ते निर्दोष सुटले म्हणून ते बदलत नाही. पण अडवाणी मागे राहिले ते या विचाराने, असे काही कोणी सांगितले नाही. साऱ्या देशाने पाहिले ते फक्त एका थोर माणसाचे वाट पाहणे.

पक्षाचा कडवा माणूस राष्ट्रपती झाला तर सही करणारे बाहुले होईल, ही भीती खोटी नाही. २५ जून १९७५च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या कागदावर सही केली, मंत्रिमंडळ बसले दुसऱ्या दिवशी सकाळी. पण झैलसिंगही इंदिराजींचेच निष्ठावंत होते. त्यांनी लोकांची पत्रे फोडण्याचा अधिकार सरकारला देणारे पोस्टाचे विधेयक ना मंजूर केले ना परत पाठवले, तसेच टेबलावर ठेवले. काँग्रेसमधून आलेल्या के. आर. नारायणन यांनी १९९७ साली उत्तर प्रदेशात कल्याणसिंह यांचे भाजप सरकार बरखास्त करण्याची शिफारस फेरविचारासाठी परत केली, आणि गुजराल सरकारला माघार घ्यावी लागली. पूर्वीच्या पक्षावरून काहीच सांगता येत नाही. मग निदान उमेदवाराला चार प्रश्न विचारता यावेत: सरकारच्या कोणत्या कागदावर सही करणार नाही? त्रिशंकू लोकसभेत आधी कोणाला बोलावणार? हे प्रश्न लढत झाली तरच विचारले जातात. वयाचे म्हणाल तर घटनेने किमान ३५ एवढीच अट घातली आहे, वरची मर्यादा नाही, आणि नसावी.

२०२४च्या निकालानंतर आपले पाचही आमदार महायुतीचे आणि खासदार काँग्रेसचे कल्याण काळे आहेत. म्हणजे ८७५ एका बाजूला आणि सातशेच्या आसपास दुसऱ्या बाजूला, असा आपला जिल्हा २०२७ मध्ये मतदानाला जाईल. जालना लोकसभा मतदारसंघात फुलंब्रीही येते, आणि फुलंब्रीचे हरिभाऊ बागडे, आपल्या सगळ्यांचे नाना, आज राजस्थानचे राज्यपाल आहेत, शेखावतांच्या राजस्थानचे. १९८५ साली पहिल्यांदा विधानसभेत, पुढे पाच वर्षे अध्यक्ष, संघाच्या तालमीतला माणूस, वय ऐंशीच्या घरात. नानांचे नाव कुठे चर्चेत आहे असा आमचा दावा नाही. पण उद्या त्यांचे किंवा त्यांच्यासारख्या कोणाचे निघालेच, तर पन्नास सूचक, पन्नास अनुमोदक आणि १५ हजारांची अनामत घेऊन त्यांनी खुशाल अर्ज भरावा, आणि समोर कोणी उभे राहत असेल तर त्याला बसवण्याची खटपट आपल्या लोकांना करू देऊ नये.