मोकळ्या नावाचा मालक कोण?

कांद्याचा दर 20 रुपये किलो असतो आणि कराचा दर शेकडा 5. शब्द एकच, पण बाजार समितीतल्या अडत्याची आणि हिशेब तपासणाऱ्याची त्यावरून गफलत होत नाही; कोण कुठे बसून बोलतो आहे यावरून अर्थ कळतो. प्रोग्रॅममध्ये अर्थ लावण्याचे हे काम भाषेच्या नियमांना करावे लागते. लिस्पमधले अस्वच्छ मॅक्रो नेमका हाच नियम मोडतात, आणि तो मोडणे हे कौशल्य आहे असे सांगणारा एक जुना, अभ्यासू पक्ष आहे. त्या पक्षाचे म्हणणे मला चुकीचे वाटते.

आधी उदाहरण पाहू. लिस्पचे शब्द देवनागरीत लिहितो. कंस आणि चिन्हे मूळचीच आहेत.

(लेट ((दर 5))
  (डिफन कर (रक्कम)
    (/ (* रक्कम दर) 100)))

‘रक्कम’ ही फंक्शनला कॉल करणारा देतो. ‘दर’ मात्र फंक्शनच्या स्वतःच्या कंसांत कुठेच बांधलेला नाही. तो त्याचा मुक्त चल, म्हणजे फ्री व्हेरिएबल. फंक्शन जिथे लिहिले तिथल्या लेटने त्याला 5 ही किंमत दिली आणि ती फंक्शनसोबत राहिली. प्रोग्रॅमच्या दुसऱ्या टोकाला कुणी कांद्याचा हिशेब करत असला, तरी 100 रुपयांवरचा कर 5 रुपयेच येतो. आता कुणी म्हणतो, फंक्शन कॉलचा खर्च कशाला, याचा मॅक्रो करून टाकू:

(डिफमॅक्रो कर (रक्कम)
  `(/ (* ,रक्कम दर) 100))

मॅक्रो उत्तर काढत नाही, कोडच्या जागी कोड ठेवतो. ‘दर’ हा शब्द जसाच्या तसा वापरणाऱ्याच्या कोडमध्ये जाऊन पडतो आणि तिथे जो ‘दर’ भेटेल त्याचा होतो:

(लेट ((दर 20))
  (कर 100))

कर आला 20 रुपये. जिथे ‘दर’ नावाचे काहीच नाही तिथे निदान चूक दाखवली जाते. जिथे आहे तिथे कंपायलर चकार शब्द काढत नाही आणि चुकीचा आकडा बिलावर छापला जातो.

आता पूर्वपक्ष. तो म्हणतो: लिस्पमध्ये कोड हीच एक यादी आहे आणि मॅक्रो म्हणजे ती यादी हवी तशी घडवण्याचा अधिकार. टिमथी हार्टने 1963 मध्ये लिस्पला मॅक्रो दिले तेव्हापासून हा अधिकार बिनशर्त आहे. पॉल ग्रॅहमने 1993 च्या ‘ऑन लिस्प’मध्ये नाव मुद्दाम पकडणारे मॅक्रो एक तंत्र म्हणून शिकवले, डग हॉइटने 2008 च्या ‘लेट ओव्हर लॅम्ब्डा’मध्ये तेच आणखी पुढे नेले. लिस्पच्या स्कीम या बोलीचे लोक ज्याला स्वच्छता म्हणतात ते सोवळे आहे, आणि सोवळ्यात स्वयंपाक होतो पण नवा पदार्थ होत नाही. शिवाय, हा पक्ष म्हणतो, व्यवहारात याची गरज पडते. एका मोठ्या फंक्शनमध्ये सात स्थानिक चल आहेत. त्यांच्यावर काम करणारे दहा छोटे तुकडे मला बाहेर काढून वेगळे लिहायचे आहेत. प्रत्येक तुकड्याला सातही चल पॅरामीटर म्हणून देत बसू का? तुकड्यांचे मॅक्रो केले की त्यांतली मोकळी नावे जिथे वापरू तिथल्या चलांना आपोआप जाऊन मिळतात. आणि अपघाताने एखादे नाव पकडले जाण्याची भीती असेल तर कोरे नाव बनवून देणारे जेनसिम आहेच.

सोवळ्याचा आरोप आधी बाजूला करतो, कारण तो शब्दावरचा आहे. सोवळे विचारते, कुणी शिवले? स्वच्छ मॅक्रोचा नियम विचारतो, हे नाव कुठे लिहिले गेले? यूजीन कोल्बेकर, डॅनियल फ्रीडमन, मथायस फेलायझन आणि ब्रूस डुबा यांनी 1986 मध्ये या नियमाची पहिली नीट मांडणी केली, तेव्हा त्यांनी नावांवर जणू वेळेचा शिक्का मारला: मॅक्रोच्या कोणत्या फेरीत हे नाव आले ते शिक्क्यावरून कळते, आणि दोन वेगळ्या फेऱ्यांतली सारखी दिसणारी नावे एकमेकांत मिसळत नाहीत. यात शिवाशिव कुठेही नाही, फक्त मूळ ठिकाणाची नोंद आहे.

गरजेचा मुद्दा जास्त वजनाचा आहे. सात चल आणि दहा तुकडे ही अडचण खरी आहे. मी स्वतः ती मॅक्रोने सोडवलेली आहे आणि म्हणूनच त्याची किंमत सांगू शकतो. तो तुकडा मॅक्रो झाला की फंक्शन उरत नाही. तो मॅपकारसारख्या दुसऱ्या फंक्शनला देता येत नाही, चलात ठेवता येत नाही, एकटा चालवून तपासता येत नाही. त्यात दुरुस्ती केली की तो जिथे जिथे वापरला ते सगळे कोड पुन्हा कंपाइल करावे लागते, आणि एखादी फाइल राहून गेली तर तिथे जुनाच मजकूर चालू राहतो. सगळ्यात वाईट म्हणजे मोठ्या फंक्शनमध्ये कुणी ‘दर’चे नाव सुधारून ‘भाव’ केले, तर दुसऱ्या फाइलमधला मॅक्रो मोडतो, आणि नाव बदलणाऱ्याला तो मॅक्रो अस्तित्वात आहे हेही ठाऊक नसते. स्थानिक चलाचे नाव हवे तेव्हा बदलता यावे म्हणूनच तर तो स्थानिक ठेवतात.

आणि ज्यासाठी हे सगळे करायचे त्याची सोय भाषेत आधीपासून आहे. तुकडे आतच हवे असतील तर कॉमन लिस्पमध्ये फ्लेट आणि लेबल्स आहेत. त्यांनी बांधलेल्या स्थानिक फंक्शनला सातही चल दिसतात. तुकडे बाहेर हवे असतील तर सात चलांचे एक स्ट्रक्चर करून तेवढे एक पॅरामीटर द्यावे. किंमत खरोखरच कॉल करणाऱ्याकडून यायला हवी असेल तर स्पेशल व्हेरिएबल आहे, आणि त्याच्या नावाला दोन्ही बाजूंनी तारे लावण्याचा रिवाज आहे: *दर*. वाचणाऱ्याला तारे दिसतात आणि कळते की याची किंमत चालत्या वेळी ठरते. वेग हवा असेल तर फंक्शन इनलाइन करण्याची घोषणा आहे. तिच्यामुळे नावांचे अर्थ बदलत नाहीत.

इथे थोडा इतिहास आठवायला हवा. जॉन मॅकार्थीच्या पहिल्या लिस्पमध्ये फंक्शनमधल्या मुक्त चलाचा अर्थ कॉल करणाऱ्याच्या संदर्भात लागायचा. फंक्शन दुसऱ्या फंक्शनला दिले की त्याची मोकळी नावे भलत्याच किमती उचलायची. ‘फनआर्ग’ या नावाने हा प्रश्न वर्षानुवर्षे छळत राहिला. जोएल मोझेसने 1970 मध्ये त्यावर एक टिपण लिहिले. जेराल्ड ससमन आणि गाय स्टील यांनी 1975 मध्ये स्कीम केली आणि फंक्शनच्या मोकळ्या नावाचा मालक ते लिहिण्याची जागा आहे हे तिचे पायाभूत तत्त्व ठेवले. कॉमन लिस्पने तेच घेतले, ईमॅक्सच्या लिस्पमध्येही 2012 मध्ये ती सोय आली. इतक्या कष्टाने मिटवलेला घोळ मुक्त चलांचे अस्वच्छ मॅक्रो मागच्या दाराने घरात आणतात.

राहिले जेनसिम. पूर्वपक्षाची सगळी भिस्त याच्यावर आहे, आणि इथेच तो सर्वात कच्चा आहे. मॅक्रोने एखादा तात्पुरता चल बांधला आणि वापरणाऱ्याचाही त्याच नावाचा चल निघाला तर गोंधळ होतो. जेनसिम तिथे कुणाकडेच नसलेले कोरे नाव देतो आणि प्रश्न सुटतो. पण दोषाची ही एकच बाजू झाली. दुसऱ्या बाजूला मॅक्रो काहीच बांधत नाही, फक्त एखादे नाव वापरतो. समजा, स्कीममध्ये जुन्या पद्धतीच्या मॅक्रोने ‘यादी’ हे फंक्शन कॉल करणारे कोड दिले, आणि वापरणाऱ्याने ‘यादी’ या चलात विद्यार्थ्यांची नावे ठेवली आहेत. स्कीममध्ये फंक्शन आणि चल यांची नावे एकाच पेटीत राहतात. मॅक्रो आता विद्यार्थ्यांच्या यादीलाच फंक्शन समजून कॉल करायला जातो. इथे जेनसिमचा काय उपयोग? त्याला नवे नाव देता येते. मॅक्रोला तर जुनेच नाव हवे आहे, फक्त मॅक्रो लिहिला त्या ठिकाणच्या अर्थाने. आपल्या ‘दर’चे दुखणेही हेच आहे.

कॉमन लिस्पवाले म्हणतील, आमच्याकडे असे क्वचितच घडते. ते खरे आहे, आणि त्याचे कारण रिचर्ड गॅब्रिएल आणि केंट पिटमन यांनी 1988 मध्ये मांडले होते: त्या भाषेत फंक्शन आणि चल यांच्या पेट्या वेगळ्या आहेत आणि पॅकेजांमुळे नावांना आडनावेही आहेत. भाषेची स्वतःची नावे स्थानिक फंक्शन म्हणून पुन्हा बांधायला 1994 च्या प्रमाणग्रंथात मनाईच आहे. पण यावरून मॅक्रो निर्दोष ठरत नाही, भोवतालची तटबंदी चांगली आहे एवढेच ठरते. तिलाही भगदाडे आहेत. डूलिस्ट लूप स्वतःभोवती एक निनावी ब्लॉक बांधतो आणि रिटर्न लिहिले की त्यातून बाहेर पडता येते. तुमच्या मॅक्रोने वापरणाऱ्याचे कोड आपल्या डूलिस्टच्या आत ठेवले, आणि वापरणाऱ्याने बाहेरचा लूप सोडण्यासाठी रिटर्न लिहिले असेल, तर तो आतलाच लूप सोडतो. इथे जेनसिमने बदलायला नावच नाही.

मात्र दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्यांशीही माझे जमत नाही. मॅक्रोने वापरणाऱ्याला कधीच कोणते नाव पुरवू नये, असे ते म्हणतात. ग्रॅहमचा एइफ घ्या: अट तपासायची आणि तिचे उत्तर ‘इट’ या नावाने आतल्या कोडला द्यायचे. ही कल्पना उपयोगी आहे. लूपमधून बाहेर पडण्याचा शब्द आतल्या कोडला देणे हीही तशीच रास्त गरज आहे. नाव पुरवणे हा दोष मुळीच नाही. ते न सांगता पुरवणे किंवा न विचारता उचलणे हा दोष आहे.

या भेदासाठी आपल्याकडे फार जुने उदाहरण आहे. पाणिनीची सूत्रे इतकी आखूड की पुष्कळ सूत्रांत लागणारा शब्दच नसतो. तो वरच्या सूत्रातून खाली येतो. ही अनुवृत्ती. लिस्पच्या भाषेत खालचे सूत्र मुक्त चल घेऊन उभे असते. पण पाणिनीने हे मोघम सोडले नाही. ज्या शब्दाचा अधिकार पुढे चालायचा, त्यावर स्वरिताची खूण असेल असा नियम त्याने सूत्रातच केला. पुढे पाठपरंपरेत त्या खुणा उरल्या नाहीत, आणि कोणता शब्द कुठवर चालतो हे ठरवणे टीकाकारांवर येऊन पडले. काशिकावृत्तीला सूत्रासूत्रागणिक वरचा शब्द भरून दाखवावा लागतो तो यामुळे. खूण असेल तर अनुवृत्ती हे लाघव आहे. खूण हरवली की प्रत्येक पिढीला टीका लिहावी लागते.

आजच्या भाषांमध्ये ही खूण देण्याचे तीन चांगले मार्ग आहेत. सर्वात साधा क्लोजर या भाषेतल्या इफ-लेटचा: उत्तराला कोणते नाव द्यायचे ते वापरणाराच लिहितो, मग कुणाचे नाव पकडले जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याच भाषेत मॅक्रोच्या साच्यात लिहिलेल्या मोकळ्या नावाला त्याच्या नेमस्पेसचे आडनाव आपोआप लागते, आणि तरीही उघडे नाव सोडायचेच असेल तर आधी दोन जादा चिन्हे टाकावी लागतात. ती कोडमध्ये डोळ्यांना खुपतात, आणि खुपावीत यासाठीच आहेत. दुसरा मार्ग 2007 च्या स्कीम अहवालातल्या सिंटॅक्स-केसचा: नाव कोणत्या संदर्भातले समजायचे ते मॅक्रो लिहिणाऱ्याने स्पष्टपणे सांगायचे.

तिसरा मला सर्वात पटतो. एली बार्झिले, रायन कल्पेपर आणि मॅथ्यू फ्लॅट यांनी 2011 मध्ये रॅकेटसाठी मांडलेले सिंटॅक्स पॅरामीटर. यात ‘इट’ हे नाव आधी रीतसर जाहीर केले जाते, मॅक्रोबाहेर वापरल्यास चूक दाखवण्याची तजवीज होते, आणि मॅक्रो फक्त आपल्या हद्दीपुरता त्याचा अर्थ बदलतो. एइफवर दुसरा मॅक्रो रचला तरी ‘इट’ हरवत नाही. नाव जबरदस्तीने पकडणारी युक्ती नेमकी इथेच तुटते, कारण पकडलेले नाव मधल्या मॅक्रोचे होऊन बसते. वापरणाऱ्याला ‘इट’ नको असेल तर तो ते आयात करताना बदलू शकतो. नावाला जाहीर मालक मिळाला की त्याच्याशी व्यवहार करता येतो.

म्हणून माझा निर्णय असा. फंक्शनमध्ये मुक्त चल आहे एवढ्यासाठी त्याचा मॅक्रो करू नये. मॅक्रोची गरज इतर कारणाने असेल, तर त्यातले प्रत्येक मोकळे नाव लिहिण्याच्या जागेचे असावे, किंवा वापरणाऱ्याने दिलेले असावे, किंवा जाहीर केलेले असावे. चौथी तऱ्हा मला मान्य नाही, मग ती कितीही नामवंत पुस्तकात शिकवलेली असो.

वाचकांपैकी जे लिस्प लिहितात त्यांना एक विनंती. आपली जुनी फाइल उघडा आणि प्रत्येक डिफमॅक्रोखालचा बॅककोट वाचा. ज्या नावाआधी स्वल्पविराम नाही आणि जे त्याच साच्यात बांधलेलेही नाही, त्याच्यापाशी थांबा. ते कुणाचे आहे हे ओळीवरून सांगता येत नसेल, तर ती ओळ आजच दुरुस्त करा.