बचत कोणाच्या खाती जमा?

परगावी मुक्कामास उतरलेला पाहुणा सकाळी बाहेर पडला की त्याची खोली झाडून-पुसून घ्यावी, गादीवरची चादर बदलावी, उशांचे अभ्रे पालटावेत, न्हाणीघरात धुतलेला टॉवेल घडी घालून ठेवावा आणि हे सर्व अशा बेताने उरकावे की परतलेल्या पाहुण्यास काम करणाऱ्याचे दर्शनही घडू नये, हा हॉटेलच्या धंद्यातील जुना शिरस्ता गेल्या दीड दशकात हळूहळू मोडीत निघत आहे. आणि तो मोडण्यासाठी जे कारण पुढे केले जाते ते इतके पवित्र आहे की त्याविरुद्ध चकार शब्द काढणारा मनुष्य वसुंधरेचा वैरी ठरावा. उशालगत ठेवलेल्या लहानशा कार्डावर हिरवे पान छापलेले असते आणि त्याखाली विनंतीचा मजकूर असतो: पाणी वाचवा, वीज वाचवा, आणि आपली खोली आज साफ करू नये असे आम्हांस कळवून या सत्कार्यास हातभार लावा. अमेरिकेतील मोठ्या हॉटेल-कंपन्यांनी ही प्रथा रूढ केली. आपल्याकडे मुंबई, पुणे, गोवा येथील मोठ्या हॉटेलांतही निदान टॉवेलापुरते असे कार्ड आता नवलाचे राहिलेले नाही. या विनंतीचा पूर्वार्ध मला मान्य आहे, उत्तरार्ध मान्य नाही, आणि दोहोंची गाठ ज्या चतुराईने मारली गेली आहे ती सोडवून दाखविणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पूर्वार्धाविषयी वाद घालण्यात अर्थ नाही. चांगल्या खात्यापित्या घरातही अंग पुसलेला टॉवेल दोरीवर वाळत पडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच खांद्यावर येतो, यात कोणास कमीपणा वाटत नाही. मग तोच गृहस्थ दोन रात्रींसाठी हॉटेलात उतरला की त्यास दर सकाळी कोऱ्या टॉवेलाची हौस का वाटावी, हे कोडे आहे. (भाडे मोजले आहे तर ते पुरते वसूल झाले पाहिजे, या आपल्या मध्यमवर्गीय हट्टात त्याचे उत्तर असावे.) ज्या राज्यात 2016 च्या एप्रिलात लातूरकरांची तहान भागविण्यासाठी मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी न्यावे लागले, तेथील वाचकास पाण्याचे मोल शिकविण्याची आवश्यकता नाही. शिवाय हॉटेलातील कपडे धुणे म्हणजे केवळ पाणी खर्चणे नव्हे. ते पाणी तापवावे लागते, त्यात साबण-सोडा आणि विरंजक द्रव्ये मिसळावी लागतात, धुतलेले जाड सुती कापड यंत्रात वाळविण्यास आणि त्यास इस्त्री करण्यास इंधन जाळावे लागते, आणि प्रत्येक धुलाईगणिक कापडाचे आयुष्य घटते ते निराळेच. महालक्ष्मीच्या धोबीघाटावर ऊन फुकट मिळते. परदेशातील हॉटेलांच्या तळघरातील लाँड्रीस ते मिळत नाही.

लोकांचीही याला ना नाही. नोआ गोल्डस्टीन, रॉबर्ट चाल्डिनी आणि व्लादास ग्रिस्केव्हिशियस या अभ्यासकांनी अमेरिकेतील एका हॉटेलात केलेल्या प्रयोगांचा वृत्तान्त 2008 साली प्रसिद्ध झाला. पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा, एवढेच सांगणाऱ्या कार्डास सुमारे 35 टक्के पाहुण्यांनी मान दिला. येथे उतरणारे बहुसंख्य लोक टॉवेल पुन्हा वापरतात, असे सांगणाऱ्या कार्डास सुमारे 44 टक्क्यांनी. कोणास सूट दिली नव्हती, बक्षीस दिले नव्हते. नीट विचारले, एवढेच. तथापि या कार्डाविषयीचा संशयही पुष्कळ जुना आहे. जे वेस्टरवेल्ड या अमेरिकन पर्यावरणवाद्याने फिजी बेटांवरील एका विश्रामस्थानी समुद्र आणि प्रवाळ यांच्या रक्षणासाठी टॉवेल पुन्हा वापरण्याची विनंती वाचली, आणि त्याच सुमारास ते विश्रामस्थान आपल्या इमारतींचा विस्तार करीत होते. 1986 साली त्याने याविषयी जे लिहिले त्यातून ‘ग्रीनवॉशिंग’ हा शब्द जगभर गेला.

आता उत्तरार्ध. चादर न बदलणे ही एक गोष्ट झाली, आणि खोलीत माणूसच न पाठविणे ही सर्वस्वी दुसरी. चादर धुण्यात पाणी जाते हे खरे. परंतु कचऱ्याची टोपली रिती करण्यात, बेसिनावरून फडके फिरविण्यात, अंथरूण झटकून नीट करण्यात पृथ्वीची अशी कोणती हानी होते? गालिचा झाडणाऱ्या यंत्रास लागणारी वीज, त्याच हॉटेलात रिकाम्या कॉरिडॉरांना अहोरात्र थंडगार ठेवणाऱ्या वातानुकूलनाच्या विजेपुढे, हिशेबात धरण्याजोगीही नसते. तरीही शेरेटन आणि वेस्टिन ही नावे ज्या स्टारवूड कंपनीच्या मालकीची होती, तिने 2009 च्या सुमारास ‘मेक अ ग्रीन चॉइस’ या नावाची जी योजना पसरविली, तीत धुलाई आणि सफाई यांचा एकच गठ्ठा बांधलेला होता: एका रात्रीची सफाई नाकारा, आणि पाच डॉलरचे कूपन किंवा पाचशे पॉइंट पदरात पाडून घ्या. जो व्यापारी गिऱ्हाइकास पाच डॉलर आपण होऊन देतो त्यास त्या सौद्यात पाचाहून अधिक मिळत असले पाहिजेत, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. चार टॉवेल आणि दोन चादरी न धुतल्याने एवढी रक्कम सुटते असे मला वाटत नाही. ती सुटते मजुरीच्या बाबीतून.

ही मजुरी कोणाची, ते जवळून पाहिले पाहिजे. अमेरिकेतील मोठ्या शहरांत सफाईकाम करणाऱ्या स्त्रीच्या वाट्यास आठ तासांच्या पाळीत साधारणतः चौदा-पंधरा खोल्या येतात. म्हणजे एका खोलीस अर्धा तास. रोज झाडल्या जाणाऱ्या खोलीत या अर्ध्या तासाचा मेळ कसाबसा बसतो. परंतु जिचे दार तीन-चार दिवस उघडलेच नाही अशा खोलीत ती शिरते तेव्हा टोपली ओसंडून गेलेली असते, पिझ्झाची खोकी टेबलाखाली सरकवलेली असतात, ओल्या टॉवेलांचा ढीग गालिच्यावर कुबट वास मारीत पडलेला असतो, शॉवरच्या काचेवर साबणाचा थर वाळून पापुद्र्यासारखा चिकटलेला असतो, मोरीच्या जाळीत केसांचे गुंतवळ अडकलेले असते आणि आरशावर टूथपेस्टचे शिंतोडे कडक होऊन बसलेले असतात. पहिल्याच दिवशी ओल्या फडक्याच्या एका हातासरशी निघाला असता तो थर आता तिला गुडघे टेकून, उग्र रसायन ओतून, खरवडून काढावा लागतो. आणि या कामी रसायन अधिक लागते ही गोष्ट हिरव्या पानाच्या कार्डावर छापलेली नसते. पाळीच्या कागदावर मात्र ती एकच खोली. जड गाद्यांचे कोपरे उचलून चादरी खोचण्याने या स्त्रियांच्या पाठी आणि खांदे इतके निकामी होतात की कॅलिफोर्निया राज्यास 2018 मध्ये केवळ हॉटेल-सफाईकामगारांच्या शारीरिक इजा टाळण्यासाठी स्वतंत्र नियम करावा लागला.

एका बाजूने काम असे जड होते आणि दुसऱ्या बाजूने ते कमी होते. पंधरा पाहुण्यांनी पॉइंट घेतले की एका बाईची पाळी गेली. तिला सकाळी सांगितले जाते की आज येऊ नका. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी आरोग्यविमा कामाच्या तासांशी बांधलेला असल्यामुळे तास घटले की मजुरीबरोबर औषधपाण्याची सोयही डळमळते. स्टारवूड पुढे 2016 मध्ये मॅरियटने विकत घेतली, आणि 2018 च्या ऑक्टोबरात बॉस्टन, सॅन फ्रान्सिस्को, होनोलुलू आदी शहरांतील मॅरियटच्या हॉटेलांतून सात हजारांहून अधिक कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांच्या तक्रारींत या ‘हरित’ योजनेचे नाव होते. पृथ्वीच्या रक्षणार्थ काढलेल्या योजनेविरुद्ध झाडूवाल्या स्त्रिया रस्त्यावर उतरतात, हे दृश्य पाहून त्या स्त्रियांना पर्यावरणाची चाड नाही असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. माझा निष्कर्ष योजनेविषयी आहे.

नंतर महामारी आली आणि कारणाचा पोशाख बदलला. प्रथम सांगण्यात आले की संसर्गाच्या भीतीने परक्या माणसाने खोलीत येऊ नये, आणि ते त्या दिवसांत रास्तच होते. पण भीती ओसरल्यावरही प्रथा राहिली. 2021 च्या जुलैत हिल्टनने अमेरिकेतील आपल्या बहुतेक हॉटेलांत रोजची सफाई मागितल्यासच मिळेल असे ठरविले. त्याच वर्षाच्या आरंभी कंपनीचे प्रमुख ख्रिस्तोफर नॅसेटा यांनी गुंतवणूकदारांना स्पष्ट सांगून टाकले होते की संकट सरल्यावर हा धंदा पूर्वीपेक्षा अधिक नफ्याचा आणि कमी मनुष्यबळाचा असेल. भागधारकांपुढे नफ्याचा हिशेब आणि पाहुण्यापुढे हिरवे पान, अशा दोन वह्या या धंद्यात ठेवल्या जातात. कामगारांच्या ‘युनाइट हिअर’ या संघटनेने तेव्हा असा अंदाज बांधला की रोजची सफाई कायमची बंद झाल्यास अमेरिकेत 1 लाख 80 हजारांपर्यंत सफाईकामगारांची नोकरी जाईल. संघटनेचा आकडा म्हणून तो थोडा वाढवून सांगितलेला आहे असे धरले, तरी उरणारी संख्या लहान नव्हे.

पण मला सर्वांत बोलका वाटतो तो 2023 सालचा मॅरियटचा निर्णय. सर्वांत महागड्या हॉटेलांत खोली पूर्वीप्रमाणे रोज साफ होईल, मधल्या श्रेणीत रोज जुजबी आवराआवर होईल, आणि स्वस्त श्रेणीत एक दिवसाआड. खोली न झाडल्याने जर निसर्गाचे रक्षण होत असेल, तर ते पुण्य अधिक भाडे भरणाऱ्या धनिकास का नाकारावे? त्याच्या चादरीस पाणी लागत नाही काय? श्रेणी भाड्यावरून ठरत असेल तर तो दरपत्रकाचा प्रश्न आहे, आणि दरपत्रकाचा प्रश्न म्हणून तो उघडपणे मांडण्यात कोणतेही पाप नाही: स्वस्त खोली हवी तर सफाई कमी मिळेल, एवढे सरळ लिहावे.

जेथे पाणी खरोखरच संपत येते तेथे हॉटेले कशी वागतात याचा दाखला केप टाउनने घालून दिला आहे. 2018 च्या आरंभी तेथील अवर्षणात दरडोई दर दिवशी 50 लिटरांची मर्यादा आली, तेव्हा अनेक हॉटेलांनी न्हाणीघरातील टबांची बुचे काढून ठेवली आणि पाहुण्यांस दोन मिनिटांत स्नान उरकण्यास सांगितले. यात कूपन नव्हते, पॉइंट नव्हते, आणि पाहुण्याच्या मर्जीचाही फारसा प्रश्न नव्हता.

कायद्याची धाव या बाबतीत अमेरिकेतही डळमळीत आहे. नेवाडा राज्याने 2020 मध्ये रोजच्या सफाईचे बंधन घातले आणि 2023 मध्ये हॉटेलवाल्यांच्या आग्रहाने ते उठविले; लास वेगासच्या कामगार संघटनेने त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात संपाची तयारी करून तेच कलम बड्या कंपन्यांशी केलेल्या करारनाम्यात लिहून घेतले. लॉस एंजेलिसने 2022 मध्ये असे ठरविले की पाहुण्याने स्वतः नको म्हटल्याखेरीज खोली रोज साफ झाली पाहिजे. मला हा मार्ग पसंत आहे, कारण दारावर पाटी लावून एकान्त मागण्याचा पाहुण्याचा जुना हक्क त्यात अबाधित राहतो. परक्या माणसाने आपल्या पसाऱ्यात हात घालू नये असे वाटणाऱ्यांपैकी मीही एक आहे. फरक एवढाच की नकार पाहुण्याचा असावा, मालकाने विकत घेतलेला नसावा.

आपल्याकडे ही लाट पुरती पोहोचलेली नाही. परंतु ती पोहोचेल तेव्हा तिला अडविणारे येथे फारसे कोणी नसेल. आपल्या हॉटेलांत खोल्या झाडणारा पुष्कळदा कंत्राटदारामार्फत आलेला, परप्रांतातून पोटासाठी उतरलेला कोवळा मुलगा असतो, किंवा ज्यांना सर्वजण ‘मावशी’ म्हणतात अशा बाई असतात. त्यांच्यामागे संघटना नसते आणि त्यांचा दिवस रद्द झाला तर त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. म्हणून कार्ड छापण्यापूर्वी येथील हॉटेलवाल्यांनी दोन गोष्टी कराव्यात. टॉवेल-चादरींची विनंती आणि सफाईची विनंती या वेगळ्या ठेवाव्यात. आणि सफाई नाकारल्याने जे वाचते त्यातला वाटा, कमी खोल्यांचा कोटा म्हणून किंवा ठरलेल्या रोजाची हमी म्हणून, झाडणाऱ्याच्या पदरात टाकावा. हे केवळ भूतदयेचे बोलणे नव्हे. वर उल्लेखिलेल्या त्याच तीन अभ्यासकांना पुढे असे आढळले की तुम्ही टॉवेल वापराल तर आम्ही देणगी देऊ, असे म्हणणाऱ्या हॉटेलापेक्षा, पाहुण्यांच्या वतीने देणगी आधीच देऊन मग विनंती करणाऱ्या हॉटेलास अधिक पाहुणे साथ देतात. आधी मालकाने हात सैल सोडला तर पाहुणाही मागे राहत नाही.

वाचकांपैकी ज्यांना कामानिमित्त किंवा हौसेने हॉटेलात उतरावे लागते, त्यांस माझे सांगणे एवढेच आहे: टॉवेल खुंटीस टांगावा, चादर बदलू नये असे आवर्जून कळवावे, वातानुकूलनाचे यंत्र बाहेर जाताना बंद करावे, खोली मात्र हवी असेल तर संकोच न करता झाडून घ्यावी, आणि ती नाकारण्याबद्दल देऊ केलेल्या पॉइंटांवर खुशाल पाणी सोडावे.