दारू सोडवायची, तर अपमान गिळायला शिकवणे आधी सोडा

14 एप्रिल जवळ आला की वस्तीवस्तीतून एक फर्मान निघते: पिऊन मिरवणुकीत यायचे नाही. फर्मान योग्यच आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे आणि पंचशीलातले पाचवे शीलही तेच सांगते. त्यावर आमची तडजोड नाही. प्रश्न पुढचा आहे. 15 एप्रिलला त्या पिणाऱ्या पोराचे आपण काय करतो? 'समाजाला कलंक' म्हणतो आणि मोकळे होतो. आमचे भांडण या मोकळे होण्याशी आहे.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ एडवर्ड खांत्झियन यांनी 1985 साली मांडले की माणूस नशेकडे केवळ मजेसाठी वळत नाही. सहन न होणाऱ्या वेदनेवर तो स्वतःच औषध शोधत असतो. पुढे 2004 मध्ये ग्रॅट्झ आणि रोमर या संशोधकांनी भावना सांभाळताना माणूस कुठे अडतो हे मोजायची प्रश्नावली तयार केली. मनात काय चालले आहे याकडे लक्षच नसणे, ते नेमके काय हे न कळणे, त्या भावनेचीच लाज वाटणे, भरात स्वतःला न आवरणे, हातातले काम सुटणे आणि 'आता काहीच होऊ शकत नाही' असे वाटणे, अशा त्या सहा अडचणी.

या सहा अडचणी जातिव्यवस्थेच्या चष्म्यातून पुन्हा वाचा. मुकादम जातीवरून बोलतो, पोरगा रोजी जाईल म्हणून गप्प बसतो. घरी सांगावे तर 'मनावर घेऊ नकोस' हे उत्तर. रडावे तर 'मर्द आहेस ना?' गटारात उतरणारा सफाई कामगार सांगतो की प्यायल्याशिवाय तो वास सहनच होत नाही. अपमान व्यवस्था करते आणि तो गिळायला आपण शिकवतो. मग गिळलेले खाली उतरवायला क्वार्टर लागते. दारू काही तास बधिर करते. उतरली की तीच लाज दुप्पट होऊन समोर उभी राहते.

कोणी म्हणेल, मग दारूचे खापर जातीवर फोडायचे का? नाही. दारू सगळ्याच जातींत प्यायली जाते. फरक इतकाच की क्लबात पिणाऱ्याचा तो शौक ठरतो आणि वस्तीत पिणाऱ्याची ती जात ठरते. शिवाय त्याच घरातली बाई जातीचा आणि नवऱ्याचा असा दुहेरी मार सोसते, तरी बाटलीकडे सहसा जात नाही. म्हणून कारण समजून घेणे म्हणजे मारहाणीला माफी नव्हे. बाईची आणि मुलांची सुरक्षितता आधी, बाकी सगळे नंतर.

भावना सांभाळणे म्हणजे थंड पडणे, असा संशय चळवळीत आहे. ध्यानाला बसलो की लढा विसरू, असे काहींना वाटते. 20 मार्च 1927 आठवा. चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर आपल्या माणसांवर हल्ले झाले. बाबासाहेबांनी लोकांना उलट हल्ल्यापासून रोखले. त्याच वर्षी 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली आणि तळ्याचा हक्क न्यायालयातही लढवला. तो राग विझला नाही, त्याला दिशा मिळाली. बुद्धाने वेदनेतून तृष्णा उपजते हे सांगितले आणि वेदना जशी आहे तशी पाहायलाही शिकवले. आपण शील तोंडपाठ केले, वेदना पाहायचा सराव मात्र सोडून दिला.

म्हणून कार्यकर्त्यांकडे आमच्या तीन मागण्या आहेत.

पहिली, रोज भरपूर पिणाऱ्याला शपथ घालून खोलीत कोंडू नका. अशाची दारू एकदम तुटली तर झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरकडे न्या, शपथ नंतर घ्या.

दुसरी, विहारात वंदनेनंतर आठवड्यातून एक तास बोलण्यासाठी ठेवा. कुठे अपमान झाला, तेव्हा अंगात काय झाले, पुढे काय करायचे, हे तिथे बोलता आले पाहिजे. जिथे तक्रार नोंदवायची तिथे संघटनेने सोबत जावे.

तिसरी, उपचार हा हक्क म्हणून मागा. एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय अहवालानुसार दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. संविधानाचे कलम 47 मादक पेये रोखण्याचा प्रयत्न करायला राज्याला सांगते, आणि तेच राज्य दारूवरच्या शुल्काने तिजोरी भरते. त्या तिजोरीतून प्रत्येक तालुक्यात व्यसनमुक्तीची खाट मागणे ही भीक नव्हे. तोवर टेली मानसचा 14416 हा मोफत क्रमांक विहाराच्या फलकावर लिहून ठेवा.

ज्याला आपण कलंक म्हणून बाहेर काढतो, त्याला आत घ्यायला दारूचा गुत्ता रोज उघडा असतो. त्याच्याआधी विहाराचे दार उघडले पाहिजे.

जय भीम!