अनलॉक सेव्ह : घ्यावी की न घ्यावी?

आपल्या हॉस्टेलमध्ये सध्या एक वाद जोरात आहे. 'कॅप्टन त्सुबासा' हा प्लेस्टेशन २ चा फुटबॉल गेम २००६ साली फक्त जपानमध्ये निघाला होता. आता तो आपल्याकडे इम्युलेटरवर चालतो. कुणीतरी पेनड्राइव्हवरून त्याची सगळे संघ उघडलेली सेव्ह फाईल आणली. एक गट म्हणतो, ही सरळ चीटिंग. दुसरा म्हणतो, गेमच आहे ना राव! मला वाटतं, दोघेही अर्धे बरोबर आहेत.

मेसमधून आल्यावर एका पीसीभोवती आठ-दहा जण जमतात. मेनू सगळा जपानी. प्रत्येकाने आधी स्टोरी मोड पूर्ण करायचा म्हटलं तर सेमिस्टर संपेल. मग ज्याचा पीसी, त्याच्याकडेच तगडे संघ! समोरासमोरच्या मॅचसाठी अनलॉक सेव्ह अवश्य घ्यावी, म्हणजे फर्स्ट इयरचा पोरगाही बरोबरीने खेळेल. आणि यात नवीन काही नाही. १९८८ च्या फॅमिकॉमवरच्या 'त्सुबासा'त पासवर्ड असायचा. मित्राचा पासवर्ड टाकला की तुम्ही त्याच्या पुढच्या मॅचला हजर!

पण एकट्याने स्टोरी मोड खेळताना तीच फाईल घेणं मला पटत नाही. योइची ताकाहाशी यांची मूळ चित्रकथा १९८१ साली सुरू झाली. तिच्यातला ह्युगा ओकिनावाला जाऊन समुद्राच्या लाटांवर बॉल मारत राहतो, तेव्हा कुठे त्याला टायगर शॉट सापडतो. भरतीच्या वेळी उत्तनच्या किनाऱ्यावर एक किक मारून बघा, म्हणजे त्याची मेहनत कळेल. तयार फाईलमध्ये शॉट मिळतो, लाटा मिळत नाहीत. सीनियरचं जर्नल उतरवून सबमिशन होतं, पण वायवाच्या पहिल्या प्रश्नाला काय होतं ते आपण सगळे जाणतो!

खरा घोटाळा मात्र वेगळाच आहे. गेल्या सत्रात आमच्या विंगमधल्या एकाची कित्येक रात्रींची मेहनत अशाच एका फाईलने पुसली. इम्युलेटरचं मेमरी कार्ड म्हणजे साधारण ८ एमबीची एकच फाईल. त्याच नावाची दुसरी फाईल वर टाकली की आधीचं अख्खं कार्ड गेलं, इतर गेमच्या सेव्हसकट! तो बिचारा दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

म्हणून उसनी फाईल वेगळ्या नावाने ठेवा आणि दुसऱ्या स्लॉटला लावा. आधी बॅकअप घ्या. पीसी दुसऱ्याचा असेल तर त्याला विचारा. नुसत्या सेव्ह स्टेटवर विसंबू नका, इम्युलेटरचं व्हर्जन बदललं की ती उघडेलच असं नाही.

उसनी सेव्ह जरूर वापरा, पण दुसऱ्याच्या कष्टांवर ओव्हरराइट करू नका. एवढं पाळलं तरी हा वाद मिटेल.